गावठाणातला हाय-फाय: कंडिशनरचे पैसे कुठे गेले

मंडळी, मागच्या नोंदीनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: गाणी ऐकायच्या हाय-फाय सिस्टिमसाठी पॉवर कंडिशनर (वीज ‘स्वच्छ’ करून देणारं खोकं) कोणता घेतला आणि पॉवर केबल कोणती? खोक्यावर ‘कंडिशनर’ असं छापलेलं काहीही घेतलेलं नाही. पैसे गेले ते अर्थिंगच्या खड्ड्यात, सर्व्हो स्टॅबिलायझरमध्ये आणि दोघांनी मिळून उचलाव्या लागणाऱ्या एका आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये (यात आत येणारी आणि बाहेर जाणारी लाइन तारेने जोडलेली नसते).

परदेशी परीक्षणं वाचली की वाटतं, विजेत फक्त ‘घाण’ असते आणि ती गाळली की झालं. आमच्या हिंगणघाटकडच्या गावात दुखणं वेगळं. २३० व्होल्टला दहा टक्के कमी-जास्त धरले तर २०७ ते २५३ एवढं चालायला हवं. हरभरा-गव्हाचं ओलीत सुरू झालं की संध्याकाळी माझा मीटर १८५-१९० दाखवतो, कारण गावाला लागून असलेल्या विहिरींचे पंप आमच्याच डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर आहेत. मध्यरात्री पंप बंद झाले की तोच मीटर २५० च्या वर जातो. असल्या लायनीवर नुसता फिल्टर लावून काय गाळणार?

कमी व्होल्टेजचा आवाजावर परिणाम किती, याचा हिशेब सोपा आहे. माझा जुना यामाहा ॲम्प (ॲम्प्लिफायर) साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालतो. २३० चे २०० झाले तर त्याची कमाल ताकद साधारण चौथाईने घटते. कानाला हा फरक जेमतेम सव्वा डेसिबल, म्हणजे कमी आवाजात ऐकणाऱ्याला कळणारही नाही. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएसवाला (मोबाइल चार्जरसारखा पुरवठा असलेला) क्लास-डी ॲम्प असेल तर तेवढाही नाही. खरी भीती वरच्या बाजूला आहे.

डीपीवरचा न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट घराघरांत वाटेल तसे वाटले जातात. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त. आमच्या गल्लीत हे झालंय. टीव्ही, चार्जर, एलईडी, सगळं एका फटक्यात गेलं. सर्ज प्रोटेक्टरवाल्या पट्टीतला एमओव्ही (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा छोटा भाग) क्षणभराच्या उसळीसाठी असतो. साडेतीनशे व्होल्ट मिनिटभर टिकले तर तो स्वतःच जळतो. म्हणून सगळ्यांत आधी बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बसवला. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो लाइन तोडतो, आणि लाइट परत आल्यावर थोडं थांबून जोडतो. अख्ख्या यादीत सगळ्यांत स्वस्त वस्तू हीच.

आता अर्थिंग. ॲम्पच्या पुढच्या पट्टीला बोट लावलं की झिणझिण यायची. वायरमनने फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहिला, तर बल्बमधली तार नुसती लाल झाली. (हे काम वायरमनलाच करू द्या. आरसीसीबी, म्हणजे वीज अर्थमध्ये गळली की लाइन तोडणारा स्विच, असेल तर तो पडणारच.) तो म्हणाला, “भाऊ, काळी माती आहे, उन्हाळ्यात फाटते. पाइपाच्या बाजूनं हात जाते एवढी भेग पडते. मंग अर्थ भेटन कुठून?” खरंच, जुना पाइप कोरड्या भेगेत उभा होता, मातीचा त्याला स्पर्शच नव्हता. नवा खड्डा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ खोदला, अडीच मीटरचा जीआय पाइप घातला, भोवती मीठ-कोळशाचे थर दिले, वर तोंडाशी फनेल ठेवलं. एप्रिल-मेमध्ये त्यात रोज बादलीभर पाणी. त्याच बल्बने नंतर घर उजळलं आणि झिणझिण गेली.

स्पीकरमधला हम, म्हणजे सततची गुणगुण, मात्र पूर्ण गेला नाही. तानपुरा सुरू झाला की खालच्या बाजूला काहीतरी परकं घुमायचं. सेटटॉप बॉक्सची छतावरून येणारी डिशची वायर काढली आणि हम बंद! ग्राउंड लूप, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला जाऊन तयार झालेला फेरा. आता बॉक्सचा आवाज ऑप्टिकल केबलने घेतो, म्हणजे तांब्याचा संबंधच उरत नाही. हम घालवायला प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे महाभाग आपल्यात आहेत, त्यांना हात जोडून विनंती: हे करू नका.

सर्व्हो २ केव्हीएचा घेतला, नागपूरला सीताबर्डीतून. वाइंडिंग तांब्याचं असल्याचं बिलावर लिहून घेतलं. रिलेवाला स्टॅबिलायझर पायऱ्या-पायऱ्यांनी उडी मारतो आणि टकटक करतो; सर्व्होत मोटर ब्रश सरकवते, त्यामुळे बदल सलग होतो. पण ती मोटर घरघरते, म्हणून तो पडवीत ठेवलाय. शेजारचा पंप सुरू होताना येणारा झटक्याचा खड्डा मात्र त्याला भरता येत नाही, तेवढा वेग त्यात नाही. शिवाय आतला ऑटोट्रान्सफॉर्मर लाइन वेगळी करत नाही. त्यासाठीच मागे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. त्याच्या सेकंडरीचा (बाहेर जाणाऱ्या बाजूचा) न्यूट्रल अर्थला जोडायचा की नाही, हे जाणकाराकडूनच ठरवून घ्या. सुरुवातीला हा ट्रान्सफॉर्मर चालू करताना एमसीबी पडायचा; बी कर्व्हचा काढून सी कर्व्हचा (क्षणभराचा जादा करंट सहन करणारा) बसवला, आता पडत नाही.

पीएस ऑडिओच्या पॉवर प्लांटसारखी यंत्रं नवी एसी तयार करून देतात, ती कल्पना मला आवडते. किंमत पाहिली की माझी आवड ओसरते.

आता केबल. मीटरपासून बैठकीपर्यंत १८ मीटर, जुनी वायर दीड चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन ३६ मीटर, रोध साधारण ०.४४ ओहम, ३ अँपिअरला सव्वा व्होल्टच्या वर वायरीतच पडतात. स्वतंत्र ४ चौ. मि.मी. ओढली, आता अर्धा व्होल्ट. आणि ॲम्पची दीड मीटरची केबल, अडीच चौ. मि.मी.ची? ०.०७ व्होल्ट. तिच्यावर हजारो रुपये घालून यातलं किती वाचणार? तिच्याआधी डीपीपासून ॲल्युमिनियमची तार आलेलीच आहे. तीन कोरची तांब्याची फ्लेक्सिबल वायर दुकानातून मीटरवर घेतली, आयएसआयचा १६ अँपिअरचा प्लग लावला, टोकांना लग क्रिंप केले. सैल झालेलं सॉकेट बदललं, कारण तिथे प्लग गरम व्हायचा. मित्राची महागडी केबल उसनी आणून भाच्याला पडद्यामागे अदलाबदल करायला बसवलं. मला ओळखता आली नाही, भाच्यालाही नाही. ज्यांना फरक ऐकू येतो त्यांच्याशी भांडण नाही, फक्त आधी सॉकेट तपासा.

राहिलेलं काम: घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. लाइट गेली की ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, म्हणून सध्या ॲम्प त्या लायनीवरून काढलाय. प्युअर साइन वेव्हचा ९०० व्हीएच्या आसपासचा कुणी टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरवर) वापरत असेल तर अनुभव कळवा. बॅटरी तीच ठेवायची आहे.