एसटीच्या खिडकीतली डोंगररांग

माझे वडील सटाणा डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत कधीतरी ते मला साल्हेरच्या गाडीत सोबत न्यायचे. ड्रायव्हरच्या मागची खिडकी माझी ठरलेली. ताहाराबाद मागे पडलं की दोन्ही बाजूंनी डोंगर सरकत जवळ यायचे आणि नाना स्टेअरिंगवरचा हात न काढता नुसत्या हनुवटीनं दाखवायचे. "त्या उजवीकडं मांगी-तुंगी. त्याच्या पलीकडं तांबोळ्या. आता डावीकडं बघ. मुल्हेर, मोरा, हरगड." मी पाठ करायचे. बाराखडीसारखी ती नावं माझ्या तोंडात बसली आणि अजून बसलेली आहेत.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या लेकीला पुण्याहून चार दिवसांची सुट्टी मिळाली. कुठंतरी डोंगरात जाऊ, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिच्या मनात हिमाचल होतं. मी म्हटलं, या वेळी माझ्या डोंगरात चल.

सह्याद्री म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं उत्तर-दक्षिण उभी भिंत येते, एका अंगाला कोकण आणि दुसऱ्या अंगाला देश. पण या भिंतीला पूर्वेकडे फांद्या फुटलेल्या आहेत, आणि नाशिक जिल्ह्यात तर त्या एकाखाली एक अशा मोजता येतात. उत्तरेला सेलबारी, तिच्या समोर डोलबारी, आणि आणखी दक्षिणेला सातमाळा. 'बारी' म्हणजे खिंड. ताहाराबादहून पिंपळनेरला जाताना जो घाट लागतो तो सेलबारीचा. नाशिककडून देवळ्याला येताना सातमाळा ओलांडावी लागते ती भावडबारीत. माणसं डोंगर जिथून ओलांडत होती त्या जागेचं नाव अख्ख्या रांगेला मिळालं, ही गोष्ट मला फार आवडते. शिखरं देवांच्या आणि राजांच्या वाट्याला गेली असतील, रांगा मात्र वाटसरूंच्या नावावर राहिल्या.

नाशिकहून सटाणा साधारण नव्वद किलोमीटर. आम्ही दुपारी मुल्हेरला पोचलो आणि उरलेला दिवस मुल्हेरच्या माचीवर घालवला. बागुल राजांची ही राजधानी. १६३८ साली बागलाण, म्हणजे सटाण्याभोवतीचा हा मुलुख, मुघलांच्या हाती गेलं, तोवर इथं राज्य नांदत होतं. माचीवर झाडीत लपलेलं सोमेश्वराचं मंदिर आहे आणि तलावाकाठचं गणपतीचं मंदिर आहे. मोठ्या माणसांना घेऊन जायचं असेल, गुडघे साथ देत नसतील, तर एवढीच माची पाहून परतलं तरी दिवस सार्थकी लागतो. मांगी-तुंगीलाही तसंच. जैनांचं हे सिद्धक्षेत्र, वरपर्यंत बांधलेल्या पायऱ्या आहेत आणि ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती डोंगरातच घडवलेली आहे. पायऱ्या मात्र हजारोंनी आहेत, तेव्हा पहाटेच निघावं.

पण मला लेकीला न्यायचं होतं ते साल्हेरच्या किल्ल्यावर.

मुक्काम वाघांब्याला केला. ज्यांच्या घरी राहिलो ते दादाच दुसऱ्या दिवशी वाट दाखवायला येणार होते. रात्री चुलीवरची नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी. खुरासणीचा तो कडवट-खमंग वास नाकात गेला आणि मी एकदम नऊ वर्षांची झाले. साल्हेरला गाडी थांबली की नानांसाठी कुणाच्या तरी घरून अशीच भाकरी यायची.

पहाटे साडेपाचला निघालो. साल्हेरला दोन वाटा आहेत. एक साल्हेरवाडीकडून आणि दुसरी वाघांब्याकडून, साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्याच्या मधल्या खिंडीत चढणारी. पहिला तास-दीड तास नुसता चढ, मुरमाड, मधेमधे घसारा. खिंडीत पोचलो तेव्हा उजाडत होतं. डाव्या-उजव्या अंगाला दोन काळे कडे आणि मधून वारा. इथून साल्हेरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. पायऱ्या उंच आहेत, काही झिजून गोल झाल्यात, आणि मधे दरवाजे लागतात. दरवाजे संपले की कड्याच्या पोटातून आडवी वाट जाते. एका हाताला ओळीनं गुहा, दुसऱ्या हाताला दरी. पावसाळ्यात इथं शेवाळ धरतं. मी तरी कुणाला जुलै-ऑगस्टमध्ये या बाजूनं जा म्हणून सांगणार नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. हिरवं बघायचंच असेल तर पाऊस सरताना, सोनकी फुललेली असते तेव्हा यावं.

आडवीवर लेक थबकली. दरीकडे बघून तिचे पाय थरथरायला लागले होते. मी काही बोलायच्या आत दादा मागे वळले. "ताई, दरीकडं नका बघू. हात भिंतीला ठेवा. ही भिंत कुठं जात नाही." तिनं हात कातळावर ठेवला आणि हळूहळू चालू लागली. नंतर ती म्हणाली, दगड गार होता आणि त्यात आडवे थर हाताला लागत होते. ते थर लाव्हाचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास इथं लाव्हा एकावर एक पसरत गेला, थिजत गेला, आणि मग पाण्यानं मऊ भाग नेला, कठीण राहिला. म्हणून आपले डोंगर असे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. कडा, मग पठार, परत कडा.

वरच्या पठारावर गंगासागर तलाव आहे, रेणुकामातेचं मंदिर आहे, मुक्कामाला गुहा आहेत. तलावाच्या काठावर दगडांत खोचलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बघून मला खूप वाईट वाटलं. आम्ही तिघांनी मिळून एक पोतंभर गोळा केल्या आणि खाली आणल्या. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात साल्हेर आहे. माणसं आता जास्त येणार. येणाऱ्यांनी आपली बाटली आपल्याच पिशवीत परत न्यावी, एवढं मी हात जोडून सांगते.

पठारावरून शेवटची टेकडी चढली की परशुरामाचं छोटंसं मंदिर, आत पादुका. इथूनच बाण सोडून परशुरामानं समुद्र मागे हटवला आणि कोकण मिळवलं, अशी कथा आहे. उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर एकच, कळसूबाई, १६४६ मीटर. आणि किल्ल्यांत साल्हेरच्या वर कुणी नाही.

मी लेकीला मंदिराच्या ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, आता बघ.

अगदी हाताशी सालोटा, टोकदार, एखाद्या पिरॅमिडसारखा. त्याच्या पलीकडे पूर्वेला हरगड, मुल्हेर, मोरा अशी डोलबारीची ओळ. मधे मोसम नदीचं खोरं आणि त्यात हरणबारी धरणाचं पाणी चकाकत होतं. खोऱ्यापलीकडे सेलबारी, तिच्यावर मांगी आणि तुंगीचे दोन सुळके, मग तांबोळ्या, न्हावीगड. पश्चिमेला डांगची गुजरातेतली टेकाडं, एकामागं एक निळी होत गेलेली. मग आम्ही दक्षिणेकडे वळलो. धुरकट होतं, तरी सप्तशृंगीचा डोंगर ओळखू आला, आणि त्याच्या डावीकडे धोडप. धोडपला चुकणं शक्य नाही. त्याच्या माथ्यावरून निघालेल्या उभ्या भिंतीला मधेच खाच पडलेली आहे आणि ती इतक्या लांबूनही दिसते.

लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं वहीत रेघा काढल्या. पहिली रेघ, दुसरी रेघ, तिसरी, आणि प्रत्येक रेघेवर ठिपके देऊन नावं. मधल्या मोकळ्या जागेत तिनं नद्या भरल्या. मोसम तिला दिसत होती, गिरणा मी सांगितली. "म्हणजे आई, दोन रांगांच्या मधे दर वेळी एक नदी आहे," ती म्हणाली. भूगोलाच्या पुस्तकात हे वाक्य तिनं वाचलेलं असणार. ते तिला त्या ओट्यावर बसून स्वतःला सुचलं, याचं मला फार समाधान वाटलं.

खाली ज्या मोकळ्या रानात गुरं चरत होती, तिथंच कुठंतरी १६७२ ची लढाई झाली. शिवाजी महाराजांनी साल्हेर घेतल्यावर मुघलांनी वेढा दिला होता. मोरोपंत पिंगळे एका बाजूनं आणि प्रतापराव गुजर दुसऱ्या बाजूनं चालून आले आणि उघड्या मैदानात मुघल फौज मोडली. गनिमी काव्यानं नव्हे, समोरासमोर. मराठ्यांचे सरदार सूर्याजी काकडे इथंच पडले. वरून बघताना कळतं की या गडासाठी एवढं रक्त का सांडलं. सुरतेकडे, खानदेशाकडे, नाशिककडे, जी फौज हलेल ती इथून दिसणार.

साल्हेरवाडीच्या वाटेनं उतरलो. ही वाट लांब पण सोपी, दरवाजे देखणे. उतरताना माझा गुडघा दुखला, दादांनी काठी तोडून दिली. पाणी माणशी तीन लिटर तरी हवं, आम्ही दोन-दोन नेलं होतं आणि शेवटच्या तासाला घसे कोरडे पडले.

परत जाताना सटाण्यात थांबलो. नाना आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. लेकीनं वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा चढवला, वही उलटी फिरवली, कारण त्यांच्या डोक्यात ते डोंगर खालून दिसतात तसे बसलेत.

"चौल्हेर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तो दिसला नाही, आजोबा. धुकट होतं."

"दिसला असणार, तुम्ही ओळखला नसेल. धोडपच्या अलीकडं. आणि पिंपळ्याचं नेढं?" नेढं म्हणजे डोंगराला पडलेलं आरपार भोक. मग त्यांनी स्वतःच पेन घेऊन दोन्ही ठिपके योग्य जागी दिले.

मी विचारलं, "नाना, तुम्ही वर गेला होता ना कधी?"

ते म्हणाले, "नाही माय. गाडी लावली की परतीची वेळ व्हायची."

मला हे माहीत नव्हतं. ज्या माणसानं मला एकेक शिखर नावानिशी दिलं, तो त्यांतल्या सगळ्यात उंच डोंगरावर कधी चढलेलाच नव्हता.

थोड्या वेळानं त्यांनी लेकीला विचारलं, "वरून आपला रस्ता दिसतो का गं?"

तिनं फोनमधला फोटो काढून त्यांच्या हातात दिला. दोन बोटांनी तो कसा मोठा करायचा ते दाखवलं. नानांनी तो मोठा केला, सरकवला, परत मोठा केला, आणि वाघांब्याच्या वळणावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले.