संपलेले सेल

रिमोटने दगा दिला की आधी त्याच्या पाठीवर दोन थापा. मग झाकण सरकवून सेल जागच्या जागी गोल फिरवायचे. तेवढ्यावर दोन दिवस निघतात. नंतर तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात जातात आणि तिथे महिनोन्महिने टिकटिकतात. घड्याळाची भूकच चिमणीएवढी! म्हणजे आपण ज्याला संपला म्हणतो तो सेल फक्त त्या रिमोटपुरता संपलेला असतो.

घड्याळही थांबलं की सेल ड्रॉवरमध्ये. केरात टाकवत नाहीत, ठेवण्यातही अर्थ नाही. असाच एक टॉर्चमध्ये विसरला आणि स्प्रिंगवर पांढरा, खरखरीत फुलोरा धरला. नखाने खरवडणार होते, बरं झालं नाही खरवडला. अल्कलाइन सेलमधून पाझरणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी भाजतं. हातमोजे घालून, व्हिनेगरचा बोळा फिरवून ते प्रकरण मिटवलं.

तेव्हापासून ड्रॉवरकडे संशयाने पाहते. नऊ व्होल्टची ती चौकोनी बॅटरी सगळ्यात आगाऊ. दोन्ही टोकं एकाच डोक्यावर शेजारी शेजारी, त्यांवर किल्ली आडवी पडली की तापलीच. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावली. बटण सेलना दोन्ही बाजूंनी गुंडाळलं. ती चकती पोराने गिळली आणि घशात अडकली, तर ओल्या जागी वीज वाहू लागते आणि 2 तासांत अन्ननलिका भाजू शकते. ‘संपलेल्या’ चकतीतही तेवढा जोर उरलेला असतो. मोबाइलची उशीसारखी फुगलेली बॅटरी तर मी दाबूनही पाहिली नाही. अशी लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत चेपली गेली की अख्खी गाडी पेटू शकते. ती वेगळी नेऊन जुने सेल गोळा करणाऱ्यांच्या हातात द्यायची, त्यांच्या पेटीत टाकायची नाही.

बाकीचे सेल आधी पत्र्याच्या डब्यात भरले होते. मग अक्कल आली, प्लॅस्टिकच्या बरणीत हलवले. यांतलं जस्त, पोलाद, मँगनीज पुन्हा कामाला येतं. माझ्या ड्रॉवरमध्ये ते नुसतं पेन्शनीत बसलं होतं.

शेवटी आज बरणी जुन्या सेलच्या पेटीत रिकामी करून आले. चांगला तासभर मोडला. घरी येऊन घड्याळ पाहिलं, दहा वाजून वीस मिनिटं. निघाले तेव्हाही तेवढेच वाजले होते.