एक सेंटीमीटर बरोबर किती?

भाचीनं साम्राज्य काढलं ते मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. पान जूनचं होतं. उजेडासमोर धरलं की तिच्या वाळवंटातून संकष्टी चतुर्थी दिसायची.

अकरावीची परीक्षा संपल्यापासून ती कादंबरी लिहितेय. साम्राज्याचं नाव अस्मार आणि राजधानीचं विदीर्ण. विदीर्ण म्हणजे फाटलेलं, चिरलेलं, असं मी सांगून पाहिलं. "मग तर भारीच," म्हणाली. नकाशात उत्तरेला बर्फाचे डोंगर, दक्षिणेला नारळी आणि मधोमध एक गोल समुद्र. हा समुद्र मूळ आराखड्यात नव्हता. मी तिथं चहाचा कप ठेवला होता.

नकाशा घेऊन ती माझ्याकडे आली ते मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो म्हणून. सव्वीस वर्षं झाली. बिल्ट्या करायच्या, गाड्या लावायच्या, पार्टीचा फोन आला की "गाडी पोचतेच आहे" म्हणायचं. तेव्हा कुठून कुठं जायला किती वेळ लागतो हे या घरात कुणाला कळत असेल तर मलाच, असा तिचा हिशोब.

"मामा, विदीर्णपासून सरहद्दीवर जायला किती दिवस लागतील?"

"अंतर किती?"

"तेच तर ठरवायचंय."

कोपऱ्यात तिनं 'एक सेंटीमीटर = १०० किलोमीटर' असं लिहून ठेवलं होतं. का, तर आकडा गोल आहे. मी पट्टी लावली, राजधानी ते सरहद्द ३१ सेंटीमीटर भरलं. पण पट्टीवरून कुणी प्रवास करत नाही. पुणे आणि महाडच्या मध्ये पट्टी ठेवा, सत्तर किलोमीटरच्या आत येतात. गाडी भोरवरून वरंधा घाटानं घाला, जवळजवळ दुप्पट होतात. म्हणून मामीच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा आणला. एक टोक विदीर्णवर तिच्या बोटाखाली दाबलं आणि मी दोरा रस्त्याच्या वळणांवरून बसवत निघालो. घाटातल्या वळणांवर तो उसळून सुटायचा, तिथं थुंकी लावून चिकटवावा लागला. नदीच्या काठाकाठानं, चहाच्या समुद्राला वळसा घालून सरहद्दीवर पोचलो तेव्हा दोरा चाळीस सेंटीमीटर लागला होता. म्हणजे चार हजार किलोमीटर. आपला अख्खा देश उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर आहे.

"तुझी गोष्ट काय आहे?" मी विचारलं.

गोष्ट अशी : सोमवारी सम्राट मरतो. बुधवारी ही बातमी ऐकून सरहद्दीचा सुभेदार बंड करतो. शुक्रवारी सेनापती फौजेसह तिथं हजर.

मी कॅलक्युलेटर काढला. जागोजागी ताजे घोडे ठेवले आणि स्वार बदलत गेले, तर निरोप दिवसाला दीडशे किलोमीटर जाईल असं धरू. सत्तावीस दिवस. आणि फौज? फौज म्हणजे नुसते घोडे नव्हेत. तंबू, तोफा, बैल, दाणावैरण, स्वयंपाकी, न्हावी, बाजारबुणगे. दिवसाला पंधरा किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. शुक्रवारी पोचणारा सेनापती पुढच्या दिवाळीलाही पोचत नव्हता. नऊ महिने लागत होते.

"पंधराच?" ती ओरडली. "मी कॉलेजला चालत जाते ते चार किलोमीटर पाऊण तासात होतात."

हे पंधरा मी कुठून आणले? दिंडीच्या ट्रकवरून. आमच्याकडची एक गाडी दरवर्षी एका दिंडीबरोबर जाते. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर. रिकामी गाडी सहा तासांत सोडून येईल, पण वारीला सतरा-अठरा दिवस लागतात. चालणारे हळू चालतात म्हणून नव्हे. सत्तरीच्या म्हाताऱ्या दिवेघाट चढतात तेव्हा आपल्याला धाप लागते. वेळ लागतो तो माणसं हजारोंनी असतात म्हणून. पुढची दिंडी हलल्याशिवाय मागची हलत नाही. पहाटे सगळ्यांना एकाच पाण्याच्या टँकरवर आंघोळी करायच्या असतात, दुपारी सगळ्यांना एकदमच जेवायचं असतं. आणि मुक्कामाला पोचायच्या आत राहुट्या ठोकलेल्या हव्यात. आमचा ड्रायव्हर म्हणतो, वारीत गाडी चालवायची नसते, लावायची असते. वारीत तर वाटेतली गावं बोलावून जेवायला घालतात. फौज आलेली दिसली की गावं धान्य पुरून रानात पळायची.

पानिपतावर लढलेली भाऊसाहेबांची फौज १७६० च्या मार्चमध्ये मराठवाड्यातल्या पतदूरहून निघाली, दिल्ली गाठायला ऑगस्ट उजाडला. वाटेतले मुक्काम धरून सरासरी काढली तर दिवसाला तीन-चार कोस पडतात. कुटुंबं बरोबर, तीर्थयात्रेला निघालेली मंडळी बरोबर, आणि वर पावसाळ्यात यमुनेला पूर. आपण शाळेत हे वाचतो तेव्हा 'मजल दरमजल करीत' या तीन शब्दांत पाच महिने उडवून लावतो. भाचीनंही तेच केलं होतं. फक्त तिनं 'वाऱ्याच्या वेगाने' लिहिलं होतं.

म्हणजे वेगानं कुणी गेलंच नाही असं नाही. गुजरातेत बंड झालं तेव्हा १५७३ साली अकबर फतेपूर सिक्रीहून अहमदाबादेला दहा-अकरा दिवसांत जाऊन थडकला. पण निवडक माणसं घेऊन, पुष्कळसे सांडणीवर बसून, मागचं सगळं लटांबर मागे ठेवून. ती बादशहाची नव्हे, एक्स्प्रेस पार्सलची सवारी होती. अशी सवारी आयुष्यात एखाददुसरीच जमते, म्हणून तर तिची कहाणी होते. भाचीच्या कादंबरीत दर प्रकरणाला जमत होती.

यावर तिनं जो उपाय काढला तो आजवर कुठल्या बादशहाला जमला नसेल. खोडरबर घेतलं, १०० खोडून तिथं २० लिहिलं.

एका क्षणात साम्राज्य चार हजार किलोमीटरांवरून आठशेवर आलं. लढाई नाही, तह नाही. विदीर्ण ते सरहद्द म्हणजे आमची पुणे-नागपूर लाइन, त्याला थोडं पुढे. स्वार सहाव्या दिवशी पोचतो, फौज दोन महिन्यांच्या आत. ती खूश. मी म्हटलं, लांबी पाचपट कमी झाली तशी रुंदीही पाचपट कमी झाली, म्हणजे मुलूख पंचवीस पटींनी घटला. रुपयाला चार पैसे उरले. वसूलही तेवढाच. आता दोन लाखांची फौज पोसणार कोण? शिवाय पाच सेंटीमीटरचं जे वाळवंट ओलांडताना नायक महिनाभर तहानेनं तडफडतो, ते शंभर किलोमीटरचं झालं. सांडणीस्वार तिसऱ्या दिवशी पलीकडे ताक पीत बसेल. आणि बर्फाचे डोंगर ते नारळी हे अंतर तर इतकं कमी झालं, की एखाद्या नारळावर बर्फ पडायचं.

"मामा, तू मदत करतोयस का वसुली?"

त्यातून भाषेचा प्रश्न मी उगाच काढला. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर धरले, तरी तिच्या नव्या मापानं दर दोन सेंटीमीटरला नवी बोली हवी. तिच्या अस्मारात तर सम्राटापासून मेंढपाळापर्यंत सगळे एकच बोलतात, तेही सदाशिव पेठेतलं. हे मात्र तिनं ऐकून घेतलं नाही. मीही सोडून दिलं. कादंबरीला काही सवलती असतात.

खरं तर कोस हे माप मला किलोमीटरपेक्षा प्रामाणिक वाटतं. मुलखागणिक ते कमीजास्त व्हायचं म्हणून इंग्रजांना ते चालेना. त्यांनी १८०२ साली मद्रासजवळून साखळ्या अंथरून देश मोजायला घेतला. ते काम सुरू करणारा लॅम्ब्टन अर्ध्या टनाचं यंत्र घेऊन टेकडी टेकडीवरून त्रिकोण जुळवत वर वर सरकत राहिला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटाला वारला. कबर तिथंच आहे. आमच्या हैदराबादच्या गाड्या नागपूरहून निघाल्या की हिंगणघाटावरूनच जातात. देश इंचाइंचानं मोजून झाला तरी आमचे ड्रायव्हर अंतर विचारलं की रात्रीच सांगतात. "नागपूर ना? एक रात्र आणि वर सकाळ."

जुन्या राजवटींनाही हेच कळत होतं. इराणच्या सम्राटांचा सार्दिसपासून सूसापर्यंत राजरस्ता होता. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं त्यावरचे १११ टप्पे मोजले, पण वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो त्यानं शेवटी दिलेला हिशोब : चालत नव्वद दिवस. पेरूच्या इंकांकडे तर घोडाही नव्हता आणि चाकाची गाडीही नव्हती. माणसंच टप्प्याटप्प्यानं पळायची, आणि तरी निरोप दिवसाला दोनशेच्या वर किलोमीटर जायचा, असं सांगतात. आमच्या धंद्यात याला गाडी न थांबवता ड्रायव्हर बदलणं म्हणतात.

भाचीला मात्र सगळ्यांत आवडली ती गोव्याची गोष्ट. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलात सुटायची आणि आफ्रिकेला वळसा घालून, मोसमी वारं धरून सप्टेंबरच्या सुमाराला गोव्याला लागायची. परतीचं वारं डिसेंबर-जानेवारीशिवाय नाही. म्हणजे राजानं पत्र लिहून "कळवावे" म्हटलं, तर व्हाइसरॉयचं उत्तर हातात पडायला सव्वा-दीड वर्ष. १६४० च्या डिसेंबरात लिस्बनमध्ये लोकांनी स्पेनचा राजा झुगारून आपला राजा बसवला. गोव्याला ते कळलं पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. मधले नऊ महिने गोव्यात स्पेनच्या राजाच्या नावानंच कारभार चालला होता. हुकूम निघत होते, सह्या होत होत्या.

"कुणाच्या नावानं?" ती म्हणाली. "जो राजा नाहीच, त्याच्या?"

"हो."

ती गप्प झाली. दोरा बोटाला गुंडाळत बसली. मग मी तिला पानिपताचं पत्र सांगितलं, दोन मोती गळाले आणि मोहरा हरपल्या त्याचं. ते पत्र तिला माहीत होतं, आपल्याकडे कुणाला माहीत नसतं? माहीत नव्हतं ते एवढंच, की लढाई १४ जानेवारीची आणि नानासाहेबांना ते भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, मिळालं २४ जानेवारीला. सावकारी डाकेचा कासीद रोजचे पंचवीस कोस तोडत आला, तरीही दहा दिवस. त्या दहा दिवसांत नानासाहेब फौज घेऊन उत्तरेकडे चालतच होते, भाऊंच्या मदतीला. विश्वासराव गेलेत आणि बाप मजला मारतोय. नकाशावर हे अंतर वीतभरही नाही.

संध्याकाळी तिनं पुन्हा खोडलं. कागदाला तिथं आता भोक पडायच्या बेतात होतं. २० खोडून ५० लिहिलं. दोन हजार किलोमीटर. बर्फ आणि नारळी जरा दूर झाले, वाळवंटाला थोडी धुगधुगी आली. फौजेला साडेचार महिने.

"आणि स्वाराला?"

मी भागाकार केला. "तेरा दिवस."

"तेरा?" तिनं पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे इकडे विदीर्णला सम्राटाचं तेरावं असेल, त्या दिवशी तिकडे कळणार गेला म्हणून."

हे मला सुचलं नव्हतं. तिनं 'वाऱ्याच्या वेगाने' वर काट मारली आणि चौथं प्रकरण पहिल्यापासून लिहायला घेतलं. मी डोकावून वाचलं तेवढं असं होतं : सरहद्दीवरचा सुभेदार नवव्या दिवशी सम्राटाच्या वाढदिवसाचा दरबार भरवतो. बंडाचा विचार गेली सात वर्षं त्याच्या मनात घोळतोय. दरबारात त्याला सम्राटाच्या तसबिरीपुढे नजराणा ठेवायचाय आणि आज पहिल्यांदाच त्याचा हात थरथरत नाही. का, ते त्यालाही कळत नाही. घोडेस्वार अजून सहाशे किलोमीटर मागे आहे.

"बारा सेंटीमीटर," मी म्हटलं.

"मामा, शू!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. सोलापूरची गाडी सकाळपासून यायची होती आणि पार्टीनं दुपारपासून चारदा विचारलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "आलोच साहेब, अर्ध्या तासात पोचतो."

भाचीनं पट्टी उचलली. "अर्धा तास म्हणजे किती किलोमीटर धरू?"

फोनमध्ये मागून ताटवाट्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी ओरडून दोन तंदूर रोट्या मागवत होतं.

"काही धरू नकोस," मी म्हटलं. "तो आत्ताच जेवायला बसलाय."