इंजिनिअरिंगचा लॅपटॉप: आधी ब्रँच, मग मॉडेल नंबर, मग किंमत

कॅप राउंडमधून, म्हणजे प्रवेशाच्या केंद्रीय फेरीतून, सीट पक्की झाली की घरात पुढचा विषय लॅपटॉपचा निघतो. दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ आणि त्या आकड्यात बसणारं, ‘आय-फाइव्ह आहे, एसएसडी आहे’ असं एक मशीन समोर ठेवलं जातं. खरं तर आधी विचारायला हवं, ब्रँच कोणती? सिव्हिलच्या मुलीला आणि कॉम्प्युटरच्या मुलाला तेवढ्याच पैशात दोन अगदी वेगळी मशीन घ्यावी लागतात.

म्हणून बेटरमेंट घेतलं असेल, म्हणजे पुढच्या फेरीत ब्रँच बदलू शकत असेल, तर शेवटची फेरी होईपर्यंत खरेदी थांबवा. पहिल्या वर्षाला सी किंवा पायथनचे छोटे प्रोग्राम, ग्राफिक्समध्ये थोडं ऑटोकॅड आणि असाइनमेंटच्या पीडीएफ एवढंच असतं. ते कुठल्याही बऱ्या मशीनवर होतं, नाहीतर कॉलेजची लॅब आहेच. ताण येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून, आणि तो ब्रँचप्रमाणे बदलतो.

कॉम्प्युटर आणि आयटीला सगळा भार रॅमवर, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीवर, पडतो. अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा एम्युलेटर, डॉकर, एखादं व्हर्च्युअल मशीन आणि ब्राउझरचे वीस टॅब एकदम उघडे असतात. विंडोज ११ नुसतं सुरू झालं तरी तीन-चार जीबी घेऊन बसतं, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्यातलाच आणखी थोडा वाटा उचलतं. ८ जीबीमध्ये मग उरतं काय? रॅम भरली की विंडोज एसएसडीचा काही भाग रॅमसारखा वापरू लागतं, आणि मशीन ‘हँग झालं’ असं आपण म्हणतो. १६ जीबी घ्या. या ब्रँचसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणं मला पैशाचा अपव्यय वाटतो. मशीन लर्निंगच्या नावाखाली ते गळ्यात मारलं जातं, पण ४ जीबी मेमरीच्या कार्डावर मोठी मॉडेलं मावत नाहीत, आणि शिकण्यापुरता गुगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर त्याहून मोठा जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) फुकट मिळतो. कार्ड घ्यायचंच ठरलं, तर एनव्हिडियाचं घ्या, कारण बहुतेक शिकवण्या कूडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रणालीवर, चालतात आणि कूडा दुसऱ्या कुणाच्या कार्डावर चालत नाही.

मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स, कॅटिया, अॅन्सिस. सिव्हिलला रेव्हिट, स्टॅड प्रो, ईटॅब्स. ही सगळी विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत, म्हणून या दोन ब्रँचसाठी मॅकबुक घेऊ नका, ते मशीन कितीही चांगलं असलं तरी. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही इथे टाळा. त्यांची बॅटरी खूप टिकते, पण प्रोसेसर आर्मचा असल्यामुळे जुनी इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर अडखळतात किंवा इन्स्टॉलच होत नाहीत. त्रिमितीय असेंब्ली फिरवायला वेगळं कार्ड खरंच उपयोगी पडतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी जागेकडे लक्ष द्यावं. चिप डिझाइनचं एकटं व्हिवाडोच ५० ते १०० जीबी सहज खातं, शिवाय मॅटलॅब असतंच. शिकाऊ किटचे ड्रायव्हरही साध्या इंटेल-एएमडीच्या विंडोजवरच निमूट बसतात. कॉम्प्युटरवाल्याने मॅकबुक एअर घेतलं तर मात्र माझी काही हरकत नाही.

आता स्टिकर. ‘आय-फाइव्ह’, ‘रायझेन ५’ ही घराण्याची नावं आहेत. ताकद किती ते त्यापुढच्या आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरात असतं. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू शेजारी ठेवून बघा. एका आकड्याचा फरक. पण एएमडीच्या या ७००० मालिकेत तिसरा आकडा आर्किटेक्चरचा, म्हणजे आतल्या बांधणीचा, असतो: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. त्यामुळे ७५२०यूमध्ये जुन्या बांधणीचे चार कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) येतात, ७५३०यूमध्ये नव्या बांधणीचे सहा. वर ७५२०यूची रॅम बोर्डला जोडलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. दोघांच्या खोक्यावर ‘रायझेन ५, ७००० सीरीज’ असंच लिहिलेलं असतं आणि ऑनलाइन यादीच्या शीर्षकातही बरेचदा तेवढंच दिसतं.

इंटेलकडे शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज घेणारा, १५ वॉटच्या आसपासचा. एच म्हणजे ४५ वॉटचा, जास्त दमाचा आणि जास्त तापणारा. आय५-१२३५यूमध्ये दहा कोअर लिहिलेले असतात, त्यातले मोठे फक्त दोन, बाकी आठ छोटे. आय५-१२४५०एचमध्ये आठच कोअर, पण मोठे चार. सॉलिडवर्क्स, अॅन्सिससारख्या लांब चालणाऱ्या कामाला दुसरा बरा. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. आय३-१२१५यूमध्येही मोठे कोअर दोनच आहेत, म्हणजे आय५-१२३५यूइतकेच. पैसे कमी असतील तर ८ जीबीच्या त्या आय५पेक्षा १६ जीबीचा हा आय३ कोडिंगला जास्त सुखाचा जातो. सेलेरॉन आणि एन१०० या इंटेलच्या कमकुवत प्रोसेसरच्या वाटेला मात्र जाऊ नका, आणि ‘ईएमएमसी’ लिहिलेल्या मंद स्टोरेजच्याही नाही. हवी ती एनव्हीएमई एसएसडी, ५१२ जीबीची. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते. त्यात फसवणूक नसते, मोजायची पद्धत वेगळी असते.

रॅमबद्दल थोडं अधिक, कारण सगळ्यात जास्त चुकीच्या खरेद्या इथे होतात. तीन प्रकार आढळतात: रॅमच्या पट्ट्यांसाठी दोन स्लॉट, काही रॅम बोर्डवर आणि एक स्लॉट, आणि सगळीच बोर्डवर. स्पेसिफिकेशनमध्ये ‘एलपीडीडीआर’ दिसलं की जवळजवळ नक्की समजा, ती बोर्डवरच आहे. असं मशीन घेताना चौथ्या वर्षाची गरज आजच धरून चला. स्लॉट असेल तर डीडीआर४ की डीडीआर५ ते विचारा. एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. शक्य असेल तर १६ जीबी ही ८ अधिक ८ अशी घ्या. दोन पट्ट्यांमुळे मेमरीचे दोन मार्ग उघडतात आणि वेगळं कार्ड नसलेल्या मशीनचं ग्राफिक्स त्यावरच अवलंबून असतं. इंटेलच्या प्रोसेसरमधलं आयरिस एक्सई ग्राफिक्स एकाच पट्टीवर असलं तर विंडोजमध्ये ते साधं यूएचडी म्हणून दिसतं आणि मंदही चालतं. ‘आत्ता ८ घ्या, पुढच्या वर्षी ८ टाकू’ हा सल्ला पूर्वी चांगला होता. पण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, तेव्हा सुट्या पट्टीची आजची किंमत विचारून मगच तो माना.

ग्राफिक्स कार्डाचं नावही अर्धीच माहिती देतं. आरटीएक्स ३०५० लॅपटॉपमध्ये ३५ वॉटवरही चालतं आणि ८० वॉटवरही, आणि दोघांच्या कामात मोठा फरक पडतो. हा आकडा कंपनीच्या साइटवर ‘टीजीपी’ म्हणून दिलेला असतो. अशा मशीनचं वजन सव्वादोन किलोच्या पुढे जातं, अडॅप्टर वेगळा, तोही अर्धा किलोच्या घरातला. रोज लोकल किंवा पीएमपीने जाणाऱ्याने हे ओझं पाठीवर घेऊन बघावं.

बॅटरी किती तास चालेल हे जाहिरातीवरून कळत नाही, पण वॉट-अवरवरून, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या मापावरून, कळतं. ब्राउझर, पीडीएफ, थोडं टायपिंग असं साधं काम ७-८ वॉट घेतं. ४२ वॉट-अवरची बॅटरी म्हणजे नवेपणी सव्वापाच ते सहा तास. दोन वर्षांनी त्यातला एखादा तास तरी कमी करा. वेगळं कार्ड असलेलं मशीन तेवढ्याच कामाला जास्त ओढतं आणि बॅटरीवर पूर्ण वेगाने पळतही नाही. टाइप-सी पोर्टमधून चार्जिंग होतं का तेही विचारा. होत असेल तर अडॅप्टर हरवला तरी ६५ वॉटचा कुठलाही चांगला टाइप-सीचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर चालून जातो.

स्क्रीन ‘फुल एचडी’ आहे एवढंच बघून पुढे जाऊ नका. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेल्या स्क्रीनवर रंग फिके येतात, आणि २५० निट्सची (निट्स हे उजेडाचं माप) स्क्रीन खिडकीजवळच्या बाकावर नीट दिसत नाही. ३०० निट्स बघा. सोळास-दहाची, म्हणजे १९२० बाय १२०० ची स्क्रीन मिळाली तर कोडच्या आणखी काही ओळी दिसतात.

बजेट फारच कमी असेल तर कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे जुने लॅपटॉप बघायला हरकत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे पुष्कळ मिळतात. इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचं मात्र घेऊ नका. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. दुकानातच विंडोज रीसेट करून, इंटरनेटला जोडून पुन्हा सुरू करायला लावा. लॉगिनच्या पानावर एखाद्या कंपनीचं नाव आलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे आणि कधीही लॉक होऊ शकतं. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड नाही ना तेही तिथेच बघा, आणि जीएसटीचं बिल घ्या. बॅटरीची हालत कळायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि तिला लागूनच ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

नवं मशीन घरी आलं की खोकं उघडताना व्हिडिओ काढा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये रॅम किती, वेग किती, स्लॉट किती वापरलेत ते तपासा, आणि सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. ती महिनोन्महिने आधी सुरू झालेली असेल, तर बिल दाखवून लगेच बदलून घ्या.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी: अडॅप्टरची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कनव्हर्टर लावून घालू नका. अडॅप्टरच्या फिल्टरमधून झिरपणारा बारीक करंट अर्थिंगमध्ये जायचा असतो. ती वाट बंद झाली की तो धातूच्या बॉडीत उतरतो आणि हाताला मुंग्या येतात.

शेवटचं, आणि हे पहिल्याच दिवशी करायचं. विंडोज सेट करताना दुकानदाराचा किंवा ‘तात्पुरता’ ईमेल टाकू देऊ नका, विद्यार्थ्याचा स्वतःचाच टाका. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की विंडोज ११ बहुतेक नव्या मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतं, आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. बायोस अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की मशीन ती की मागू शकतं. अकाउंट दुसऱ्याचं असेल तर की मिळत नाही, आणि सबमिशनच्या फाइल्स डिस्कवर असूनही उघडत नाहीत. सोबत आलेलं ऑफिसही ज्या अकाउंटने सुरू कराल त्यालाच कायमचं बांधलं जातं. तेव्हा अकाउंट उघडा, की शोधा, ती कागदावर लिहून घरच्या फाइलमध्ये बिलासोबत ठेवा.