सतरा बाय सतरा, पण उंची किती?

मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाच्या खोक्यावर १७ बाय १७ सेंटीमीटर असं ठळक छापलेलं असतं. उंची मात्र कुठेच छापत नाहीत, ना खोक्यावर, ना मॅन्युअलमध्ये, ना कंपनीच्या साइटवर. मागच्या महिन्यात दुकानात जोडलेल्या एका मशीनमध्ये सगळी गोची या न छापलेल्या आकड्यानेच केली.

गिऱ्हाईक व्हिडिओ एडिटर. वन-बीएचके, टेबलावर दोन मॉनिटर आणि स्पीकर. कॅबिनेट त्याने आधीच घेऊन ठेवलं होतं, फ्रॅक्टलचं टेरा, १०.४ लिटरचं. लोक नेहमी हेच करतात. आधी दिसायला सुंदर कॅबिनेट घेतात आणि मग आम्हाला सांगतात, यात बसवा. बाकी यादी ठीक होती: रायझन ७ ९७००एक्स प्रोसेसर, १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय ग्राफिक कार्ड, छोट्या एसएफएक्स आकाराचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). अटी दोनच होत्या. रात्री काम करताना पंख्याचा आवाज येता कामा नये आणि मागे यूएसबी भरपूर हवेत.

टेरामध्ये मधली भिंत सरकते. एका बाजूला ग्राफिक कार्ड, दुसऱ्या बाजूला बोर्ड. कार्डाची जाडी आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची उंची मिळून १२० मिमीच्या आत बसवायची. कार्डाला ७२ दिले तर कूलरला ४८ उरतात, कार्ड ४३ वर थांबवलं तर कूलरला ७७ मिळतात. याचं कार्ड दोन स्लॉटचं, म्हणून भिंत कार्डाकडे पूर्ण सरकवली आणि १२० मिमी पंख्याचा, ६७ मिमी उंच कूलर घेतला. मोठा पंखा सावकाश फिरतो, म्हणून आवाज कमी. इथपर्यंत हिशोब चोख होता.

बोर्ड निवडताना मी मोठ्या मशीनच्या सवयीने गेलो. यादीतला सगळ्यात दणकट बोर्ड उचलला: बी६५०ई चिपसेट, ग्राफिक कार्डाला जेन ५ (पाचव्या पिढीचा वेगवान) स्लॉट, व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर, उष्णता शोषणारा जाडजूड हीटसिंक, मागे आठ यूएसबी, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करणारं फ्लॅशबॅकचं बटण. फ्लॅशबॅक असलं की निम्मी डोकेदुखी जाते. बी६५० मालिका आली तेव्हा ९७००एक्स बाजारात नव्हता, त्यामुळे दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुना बायोस असू शकतो आणि तो या प्रोसेसरवर चालूच होत नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव फाइलला द्यायचं, खूण केलेल्या पोर्टमध्ये लावायचा, एसएमपीएसची २४ पिन आणि ८ पिनची वायर जोडायची आणि बटण दाबून ठेवायचं. दिवा लुकलुकायचा थांबला की झालं. प्रोसेसर, रॅम काहीच लागत नाही.

बायोस झाला, प्रोसेसर बसला, रॅम बसली. कूलर वरून टेकवला आणि तो डुगडुगला.

मागच्या पोर्टांवर आणि व्हीआरएमवर मिळून जे सलग धातूचं झाकण असतं, त्यावर कूलरच्या फिन्स (धातूच्या पातळ पट्ट्या) टेकत होत्या. व्हर्नियर लावला. बोर्डापासून झाकणाचा माथा ४१ मिमी, फिन्सच्या खाली मोकळी जागा ३२. नऊ मिलिमीटर म्हणजे घासून, वाकवून जमवण्यातला प्रकारच नाही. कूलर उलटा फिरवला. एएम५, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या चार भोकांचं अंतर ९० बाय ५४ मिमी, म्हणजे चौकोन नव्हे, आयत. त्यामुळे या कूलरला दोनच दिशा. दुसऱ्या दिशेने फिन्स रॅमवर गेल्या आणि त्याने हौसेने घेतलेली दिव्यांची रॅम ४४ मिमी. साधी ३२ ची रॅम लावून पाहिली, तरी झाकणाकडची कड चार मिलिमीटर आत घुसलेलीच. चुकून नीट बसल्यासारखं दिसलं असतं आणि स्क्रू आवळले असते, तर प्रोसेसरवर एका बाजूनेच दाब आला असता.

३७ मिमीचा कूलर लावला तर सगळंच बसतं. ९७००एक्सचा टीडीपी (उष्णतेचं छापील माप) ६५ वॅट लिहिलेला असला तरी तो ८८ वॅटपर्यंत खेचतो. पुण्यातल्या एप्रिलमध्ये, बंद खोलीत, एक्सपोर्ट लावल्यावर तो छोटा पंखा किती ओरडेल हे मला माहीत आहे. शिवाय या बोर्डावर एसएसडीवरच्या मनोऱ्यासारख्या हीटसिंकमध्ये अंगठ्याएवढा आणखी एक पंखा होता. तो चालू केल्यावर डासासारखा आवाज आला. त्या पंख्याचा उल्लेख खोक्यावर मोठ्या कौतुकाने होता.

त्यात ग्राफिक कार्डाची गंमत निघाली. टेरामध्ये कार्ड थेट बोर्डात बसत नाही, रायझर केबलने (स्लॉट लांबवणाऱ्या वायरने) मागे जातं आणि ती केबल जेन ४ ची आहे. कार्ड जेन ५, बोर्ड जेन ५, मधली केबल जेन ४. बाहेर काढून जोडल्यावर पडदा कधी यायचा, कधी काळा. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा ट्रेनिंग घेते, म्हणजे बोर्डाशी जुळवून घेते, तेव्हा काही मिनिटं पडदा काळाच राहतो, त्यामुळे आधी रॅमवरच संशय गेला आणि तासभर वाया गेला. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर मॉनिटर लावला, बायोसमध्ये स्लॉट ऑटोवरून जेन ४ केला आणि प्रश्न मिटला. म्हणजे ज्या जेन ५ साठी जास्तीचे पैसे मोजले, ते हाताने बंद करूनच मशीन चालणार होतं. या कार्डाला आठ लेन (डेटाच्या वाटा) असतात. जेन ४ च्या आठ लेन म्हणजे एका दिशेला सेकंदाला सुमारे १६ जीबी. एडिटिंगला ते भरपूर झालं.

संध्याकाळी साधा बी६५० बोर्ड मागवला. यावेळी आधी विक्रेत्याला फोन करून खोका उघडायला लावला आणि पट्टी धरून फोटो मागवला. त्याने वैतागून का होईना, पाठवला. झाकण नाही, व्हीआरएमवर बुटका हीटसिंक, २८ मिमी. ८८ वॅटला तेवढा पुरतो. दणकट व्हीआरएमचं आकर्षण १७० वॅटच्या प्रोसेसरवाल्यांना असावं. पोर्टांचे डबे उघडे, तेही फिन्सच्या खालून सुटले. स्लॉट मुळात जेन ४, म्हणून रायझरची कटकटच नाही. फ्लॅशबॅक मात्र नव्हतं आणि आत निघाला जुना बायोस. दुकानातला रायझन ७६०० प्रोसेसर लावून अपडेट केला, मग ९७००एक्स बसवला. प्रोसेसर दोनदा काढा-घालायचा म्हणजे एएम५ वर छातीत धडधड. पिना बोर्डावर असतात आणि एक वाकली की वॉरंटीवाले हात वर करतात.

या बोर्डाची एसएसडीसाठीची दुसरी एम.२ जागा पाठीमागे, बोर्ड आणि पत्र्याच्या मधल्या फटीत. तिथे हवा पोहोचत नाही. कामाची तापट एसएसडी पुढे हीटसिंकखाली लावली, मागे जुने प्रोजेक्ट साठवायला थंड डोक्याची. मागची आधी लावायची, कारण बोर्ड आवळल्यावर तिथे हात जात नाही. बायोसच्या सेटिंग टिकवणारी बटणासारखी सीमॉसची बॅटरी वायरवर लोंबत होती, अशा बोर्डांवर जागेअभावी ती अशीच असते. डबल टेपने पोर्टाच्या डब्याला चिकटवली, नाहीतर पंख्यात जाते.

तासभराच्या एक्सपोर्टला प्रोसेसर ७९ अंशांवर थांबला. स्पीकर बंद ठेवून कान लावला तरच पंखा ऐकू येत होता.

पण मागे यूएसबी सहाच आणि त्यातले दोन २.० वाले, म्हणजे हळू. आठवड्याने त्याचा फोटो आला. सुंदर कॅबिनेटच्या मागून हब लोंबतोय आणि त्यात ऑडिओ इंटरफेस. ऑडिओ इंटरफेस हबवर नको, थेट बोर्डात लावा, प्रिंटर आणि कीबोर्ड हबवर टाका, एवढं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दादा, पहिल्या बोर्डाला आठ होते ना?" होते. तो बोर्ड सॉकेटचं झाकण परत लावून रॅकवर ठेवलाय. खोका उघडला म्हणून विक्रेता घेत नाही आणि आठ यूएसबी हवे असलेलं मोठ्या कॅबिनेटचं गिऱ्हाईक आयटीएक्स बोर्ड मागत नाही.