तिसरे अक्षर

मागच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या कॉलेजात भर प्रात्यक्षिकात लाइट गेली. तेव्हा एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने यू-१ या लघु केंद्रकीय आरएनएचे (पेशीच्या केंद्रकातल्या एका छोट्या रेणूचे) माणूस, उंदीर आणि यीस्टमधील क्रम, म्हणजे ए, यू, जी, सी या चार अक्षरांच्या ओळी, कागदावर छापून आणले होते, ते खिडकीपाशी एकाखाली एक मांडले. पट्टी सरकवत ती म्हणाली, "सर, माणसात अन् उंदरात तर फरकच नाही!" फरक जवळजवळ नाहीच. यीस्टचा क्रम मात्र ५६८ अक्षरांचा, माणसाचा १६४ अक्षरांचा; तरीही तिसऱ्यापासून नवव्यापर्यंतची सात अक्षरे तिन्हींत तीच आहेत.

ही अक्षरे टिकली, कारण जनुकाच्या कच्च्या प्रतीतला अनावश्यक तुकडा कुठून कापायचा, ती जागा यू-१ याच अक्षरांनी जोडी जमवून ओळखतो. जिनिंगमध्ये सरकी निघते तसेच हे, असे मी वर्गात सांगतो. अर्थात रुईचे तंतू पुन्हा जोडावे लागत नाहीत, इथे उरलेले तुकडे सांधावे लागतात.

यू-१ चा क्रम १९७४ साली ह्यूस्टनच्या हॅरिस बुश यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या यकृताच्या कर्कपेशींतून काढला, म्हणजे ज्याला आपण आज सर्वसाधारण म्हणतो तो रेणू आधी कर्कपेशीत वाचला गेला. पुढे बराच काळ हे रेणू निरोगी व कर्कपेशीत सारखेच मानले गेले. यू-१ च्या जनुकाच्या जवळजवळ सारख्या अनेक प्रती जीनोममध्ये (पेशीतल्या संपूर्ण जनुकीय साठ्यात) असल्याने एखाद्या प्रतीतला बदल नेहमीच्या तपासणीत सहज निसटतो. २०१९ साली तो सापडला: रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात आणि यकृताच्या कर्करोगात तिसऱ्या जागी ए ऐवजी सी, तर मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या एका प्रकारात जी. ए ची जोडी यू शी जमते, सी ची जी शी. त्यामुळे कात्री भलत्याच ठिकाणी चालते. मात्र खर्ऱ्याने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगालाही हेच लागू आहे, असे यावरून कुणी म्हणू नये.

तिच्या प्रकल्पात मला दुसरीच काळजी होती. मायक्रोआरएनए (जनुकांचे काम आवरणारे अगदी छोटे आरएनए) मोजताना ती यू-६ ला, म्हणजे यू-१ सारख्याच दुसऱ्या लघु आरएनएला, तुलनेचे माप धरणार होती, पण गाठीत आणि शेजारच्या निरोगी ऊतीत यू-६ चेच प्रमाण वेगळे असू शकते. मग मापच हलते. दुसरा एखादा संदर्भ सोबत ठेव, एवढे मी सांगितले. पाचला लाइट आली, तेव्हा तिने तिन्ही ओळींतल्या तिसऱ्या ए भोवती पेन्सिलीने गोल काढलेला होता.