अकरावीतली लेक, आठवीतला मुलगा आणि नाशिकचे दोन दिवस

आम्ही डोंबिवलीचे. नाशिक म्हणजे लग्नकार्याला जायचं गाव, सकाळी जायचं, जेवायचं, रात्री परत, एवढीच आमच्या घरात नाशिकची ओळख. त्यामुळे जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी नाशिकला राहायला जाऊ या असं म्हटल्यावर थोरलीनं लगेच विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

मागच्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका गावी गेलो होतो. सगळा बेत मी आखला होता. दिवसाला सहा ठिकाणं. दुपारनंतर दोन्ही मुलं गाडीतून उतरायलाच तयार होईनात आणि शेवटी मी सगळ्यांवर ओरडले. तेव्हा या वेळी वेगळं करायचं ठरवलं. दोन दिवसांचे चार भाग केले आणि चौघांना एकेक वाटून दिला. ज्याचा भाग, त्यानं ठिकाण निवडायचं. तिथे जायचं कसं, उघडं कधी असतं, किती वेळ लागेल, खायचं कुठे, हेही त्यानंच शोधून बाकीच्यांना सांगायचं. आणि दुसऱ्याच्या भागात कुरकुर करायची नाही. तेरा ते अठरा वयाची मुलं घेऊन कुठेही जाणार असाल तर एवढं नक्की करा. आम्हाला हे आधीच सुचायला हवं होतं.

जायला संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस सोयीची. सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते. पण शुक्रवारचं आरक्षण लवकर संपतं. आम्हाला मिळालं नाही, म्हणून कल्याणहून मागची दुसरी एक्स्प्रेस धरली. कसाऱ्याला गाडी थांबली की मुलांना दाराशी न्या. पुढे थळ घाट आहे, चढ 37 फुटांना 1 फूट. एवढा चढ एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात आणि ती इगतपुरीपर्यंत गाडी ढकलत नेतात. त्यांना बँकर म्हणतात. मागून तो हलका धक्का बसला तेव्हा धाकट्यानं मोबाइल खाली ठेवला. इगतपुरीला दार उघडलं आणि बोचरी थंडी आत आली. जानेवारीत नाशिकला पहाटे चांगलंच गारठतं. मुंबईकरांनो, स्वेटर खरोखरीचा घ्या, शोभेचा नको.

नाशिकरोड स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रात्री उतरणार असाल तर वाहनाचं आधी बघून ठेवा. रिक्षानं जायचं तर भाडं बसायच्या आधी ठरवा. दिवसा महापालिकेच्या सिटीलिंक बसही आहेत.

हॉटेलात मात्र आमची पंचाईत झाली. आम्ही शेजारशेजारच्या दोन खोल्या मागितल्या होत्या, पैसे भरले होते. रात्री साडेदहाला पोचलो तर एकच खोली, आणि वर दोन गाद्या टाकून देतो म्हणाले. सोळा वर्षांच्या मुलीला भाऊ आणि आईबाबांच्या मध्ये जमिनीवर झोपवणं मला मंजूर नव्हतं. तासभर वाद घातल्यावर दुसरी खोली मिळाली, तीही दोन मजले वर. मग मी आणि लेक वर, ते दोघं खाली. खोल्या किती आणि कोणत्या मजल्यावर हे लेखी मागून घ्या आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. मोठ्या मुलांना स्वतःची जागा लागते. पैसे वाचवायचेच असतील तर जेवणात वाचवा, खोलीत नको.

शनिवार सकाळ माझी होती. आधी मुलांना साडेआठपर्यंत झोपू दिलं, तोही बेताचाच भाग. मग मिसळ. नाशिकला मिसळ हा सकाळचा प्रकार आहे. दुपारी उशिरा गेलात तर अनेक ठिकाणी संपलेली असते. आम्ही साधनाची चुलीवरची मिसळ खाल्ली. ताटात मोड आलेली मटकी, शेव, कांदा, पापड, दही, आणि रस्सा वेगळ्या भांड्यात. रस्सा काळपट, भाजलेल्या मसाल्याचा. तिखट झेपत नसेल त्यानं तर्री बाजूला ठेवून आधी नुसता रस्सा चाखावा. धाकट्यानं तीन वेळा रस्सा घेतला. रविवारी अशा ठिकाणी पाऊण तास थांबावं लागतं, म्हणून मिसळ शनिवारी उरका.

तिथून पंचवटी. मुलांना देवळांची यादी नको होती आणि मलाही नको होती. तीनच गोष्टी दाखवायच्या होत्या.

पहिला दुतोंड्या मारुती. गोदावरीच्या पात्रातच उभा असलेला हा मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की कुणी घनमीटर-क्युसेकची भाषा बोलत नाही. दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असंच सांगतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी पायाखाली संथ होतं. धाकटा मान वर करून त्या मूर्तीकडे बघत राहिला. तेवढं पाणी आलं तर आजूबाजूच्या दुकानांचं काय होत असेल, हे त्याचं त्यालाच उमगलं.

दुसरी नारोशंकराची घंटा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या विजयाची ही पोर्तुगीज घंटा. वसईचा किल्ला मुलांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला, त्यामुळे ओळख पटली.

तिसरं काळाराम मंदिर. पेशवाईत सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं, सगळं काळ्या दगडाचं. मी मुलांना आत जायच्या आधी दारातच थांबवलं. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच देवळाच्या दारांशी सत्याग्रह सुरू झाला. आत जाऊन दर्शन घेता यावं, एवढीच मागणी होती. तो लढा वर्षानुवर्षं चालला आणि तरी दार उघडलं नाही. लेकीनं हे पुस्तकात वाचलं होतं, पण उंबऱ्याशी उभं राहिल्यावर ती गप्प झाली. "आपण किती सहज आत जातो ना," एवढंच म्हणाली. देऊळ बघायला पंधरा मिनिटं लागली, दाराशी आम्ही जास्त वेळ होतो.

रामकुंडावर थांबायचं बेतात नव्हतं. पण धाकट्यानं विचारलं, "आजोबांच्या अस्थी इथेच सोडल्या ना?" तेव्हा तो पहिलीत होता. कुठल्या पायरीवर उभे होतो ते त्याच्या बाबानं दाखवलं. दहा मिनिटं आम्ही तिथे बसलो. कुणी काही बोललं नाही.

दुपारी हॉटेलवर परत, दोन तास विश्रांती. हे दोन तास सोडू नका, संध्याकाळ त्यांच्यावरच निभते.

शनिवार दुपार लेकीची. तिनं पांडवलेणी निवडली होती, खरं तर वरून शहर कसं दिसतं याचे फोटो पाहून. मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर ही 24 लेणी आहेत. पायथ्यापासून सुमारे दोनशे पायऱ्या. नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातली. भारतीय पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागत नाही. साडेतीनला चढायला लागलो. ऊन तिरपं झालेलं असतं आणि उतरेपर्यंत उजेडही पुरतो.

क्रमांक 3 आणि 10 ही दोन लेणी नीट बघा, बाकीची भरभर झाली तरी चालतील. तिसऱ्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो माझा मुलगा, असं तिनं दगडात कोरून ठेवलं आहे. ओसरीच्या खाली यक्ष कोरलेत, सगळा भार खांद्यावर घेतल्यासारखे. खाली वाकून बघितल्याशिवाय ते दिसत नाहीत.

दहाव्यात मात्र आमचा अर्धा तास गेला. क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख इथे आहे. ब्राह्मी लिपी, आपल्याला वाचता येत नाही. मी भाषांतर मोबाइलमध्ये उतरवून नेलं होतं, तुम्हीही न्या. त्यानं 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा 1 व्याजानं. 1000 दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 च्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण कपड्यांसाठी द्यायचे. लेक कॉमर्सला आहे. तिनं तिथेच हिशोब मांडला. महिन्याला 20, वर्षाला 240. 20 भिक्खू गुणिले 12, पुन्हा 240. "आई, बरोबर जुळतंय!" तिचा आवाज लेण्यात घुमला. माझ्यासाठी सगळ्या सहलीचं मोल त्या क्षणी वसूल झालं.

संध्याकाळी कॉलेज रोडला दोन्ही मुलांना पैसे देऊन सोडलं. दीड तास, दोघांनी एकत्र राहायचं, फोन चालू ठेवायचा. आम्ही दोघं चहा घेत बसलो. मुलं वेळेच्या पाच मिनिटं आधी परत आली.

रविवारची सकाळ धाकट्याची. रामशेज किल्ला. पेठ रस्त्यानं सुमारे 14 किलोमीटरवर, पायथ्याला आशेवाडी. दिवसभरासाठी गाडी ठरवली होती, तीच बरी, परतताना वाहन मिळायची खात्री नसते. सकाळी सातला चढायला लागलो. रमतगमत पाऊण ते एक तास. सवय नसलेल्यालाही जमतो, पण बूट हवेत आणि माणशी दीड-दोन लिटर पाणी घ्याच. गड छोटा आहे, आजूबाजूला दाट जंगल नाही, सुळके नाहीत. म्हणूनच नवल वाटतं. 1682 मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं याला वेढा घातला आणि गड पाच वर्षांहून जास्त झुंजला. सरदार बदलले, गडाच्या उंचीला भिडेल असा लाकडी दमदमा, म्हणजे तोफा चढवायचा बुरूज, उभारला, तरी उपयोग झाला नाही. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, लाकडाच्या तोफा करून वापरल्या असं सांगतात. हे सगळं धाकट्यानं वाचून आणलं होतं आणि चढताना दम लागत असतानाही तो आम्हाला सांगत होता. वर पाण्याची टाकी आणि चोरदरवाजा आहे. दरवाज्याच्या आत काळोख असतो, टॉर्च न्या. काळारामाचा दगड रामशेजच्याच डोंगरातला, असं म्हणतात. लेकीनं कातळावर हात ठेवला आणि म्हणाली, "काल याच दगडाच्या दारात उभे होतो."

शेवटचा भाग बाबाचा. त्याच्या मावसबहिणीची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलांची आत्या. ओळख नसेल तर वायनरी बघता येते, पण मुलांसह जाताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडे वाइनसाठी वयाची अट 21 आहे, तेव्हा चाखण्याच्या टेबलाशी मुलं कंटाळतात. शनिवार-रविवारी गर्दीही फार. साधी खायच्या द्राक्षांची बाग दाखवणारं कुणी भेटलं तर तिथेच जा.

आत्यानं मुलांना घडाला हात लावायच्या आधी थांबवलं. "मण्यांना बोटं लावायची नाहीत रे, देठाला धर. वरची पांढुरकी झाक पुसली की माल शिळा दिसतो, व्यापारी भाव पाडतो." मग तिनं वर्ष समजावून सांगितलं. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी, मग विरळणी. घडातले मणी कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगतात. आणि घड तयार होत आले असताना एक अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात, वर्षाचं गणित मोडतं. गेल्या एका हंगामात त्यांचं तसं झालं होतं. ती ते शांतपणे सांगत होती आणि मुलं कात्री हातात घेऊन ऐकत होती. पिठलं-भाकरी जेवलो, पाच किलो द्राक्षं बांधून दिली.

परतीला संध्याकाळची शिर्डी-मुंबई वंदे भारत. नाशिकरोडनंतर कल्याणलाही थांबते. मंगळवारी नसते. चौघांचा सगळा खर्च 21 हजारांच्या आसपास झाला, त्यात दोन खोल्यांचे पैसे सर्वात जास्त.

त्र्यंबकेश्वर आम्ही मुद्दाम सोडलं, रविवारी दर्शनाच्या रांगेत अर्धा दिवस जातो. तिसरा दिवस असेल तर नांदूर मध्यमेश्वरला पहाटे पक्षी बघायला जा. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि थंडीत स्थलांतरित पक्षी भरपूर असतात. 26 जानेवारीला जोडून सुट्टी येत असेल तर तो आठवडा टाळा. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरात कामं निघालेली असतात, तेव्हा पंचवटीत गाडी आत न नेता लांब लावून चालत जा.

कल्याणला उतरताना धाकट्यानं विचारलं, पुढच्या वेळी त्याला कुठला भाग मिळणार. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू.